धनी नसलेलं जहाज

३१ जुलै २०११, रविवार. आदल्याच दिवशी दिव्यांची अवस झाली होती, समुद्राला उधाण होतं, आणि जुहू-वर्सोव्याच्या वाळूत एक तेलवाहू जहाज येऊन रुतलं होतं. नाव ‘पवित’. जहाजावर एकही माणूस नव्हता. महिनाभरापूर्वी ओमानजवळ त्याच्या इंजिनच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा तेरा भारतीय खलाशांनी ते सोडलं होतं. ब्रिटिश नौदलाच्या जहाजानं त्यांना वाचवलं, आणि ‘पवित’ बुडालंच असणार असं सगळे धरून चालले. ते बुडालं नाही. अरबी समुद्र आडवा कापत, नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अशा तिन्ही पहाऱ्यांमधून वाट काढत ते थेट मुंबईच्या दारात आलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे लोकांचा पहिला प्रश्न साहजिकच सुरक्षेचा होता. दुसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही: आता हे धूड उचलायचं कुणी?

त्याच किनाऱ्यावर दीड महिन्यापूर्वी ‘विस्डम’ नावाचं मालवाहू जहाज येऊन बसलं होतं. ते कोलंबोहून अलंगला तोडायला नेलं जात होतं. वाटेत दोर तुटला आणि जहाज वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या आसपास भरकटून अखेर जुहूला लागलं. बघ्यांची जत्रा भरली. ‘विस्डम’ जुलै लागता लागता अमावास्येच्या उधाणात सुटलं, आणि ‘पवित’ला ओढून न्यायला नारळी पौर्णिमेचं उधाण यावं लागलं. रुतलेलं जहाज कितीही ताकदीच्या टगनं ओढलं तरी बुडाखाली पुरेसं पाणी आल्याखेरीज हलत नाही. म्हणून बचावाच्या कामात कॅलेंडरइतकंच पंचांगही चालतं. एक उधाण हुकलं की पुढच्या अमावास्येची किंवा पौर्णिमेची वाट बघायची, आणि तेवढ्या दिवसांत जहाज आणखी वाळूत बसणार.

आपल्या किनाऱ्यावरच्या अशा पाहुण्यांच्या तारखा ओळीनं मांडल्या की एक गोष्ट लगेच दिसते. गोव्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ रुतलं ते ६ जून २००० रोजी. ‘विस्डम’ जूनमध्ये, ‘पवित’ जुलैअखेरीस. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर ‘बसरा स्टार’ आदळलं ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात. हरिहरेश्वरला तीन एके-४७ रायफली असलेली ‘लेडी हान’ ही नौका सापडली १८ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे दहीहंडीच्या आदल्या दिवशी. अख्ख्या राज्याची झोप उडवणाऱ्या त्या नौकेची हकिगत प्रत्यक्षात साधी होती. मस्कतहून युरोपला निघाली असताना २६ जूनला इंजिन बंद पडलं, कोरियन युद्धनौकेनं माणसं वाचवली, खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही आणि ती तशीच सोडून दिली गेली.

सगळा मामला पावसाळ्याचा. नैऋत्येचा वारा ओमानच्या बाजूनं जे काही सुटेल ते कोकणाकडे ढकलत आणतो. त्याच दिवसांत मासेमारी बंद असते, कोळ्यांच्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात, त्यामुळे समुद्रावरचे सर्वांत तीक्ष्ण डोळेही घरात असतात. आणि जहाज हलवण्याचं काम करायला हाच काळ सर्वांत वाईट. लाटांमुळे टग जवळ जाऊ शकत नाही, पाणबुडे उतरू शकत नाहीत. म्हणजे जूनमध्ये आलेलं जहाज पहिल्या काही दिवसांत सुटलं नाही, तर कामाला खरा मुहूर्त दसऱ्यानंतरच. तेव्हापासून पुढच्या जूनपर्यंत जेमतेम आठ महिने. फाइल तेवढ्या वेळात पुढे सरकली नाही की गेलं एक वर्ष.

‘रिव्हर प्रिन्सेस’नं अशी बारा वर्षं खाल्ली.

खनिज वाहणारं हे जहाज सुमारे २४० मीटर लांब होतं, मुंबईकराच्या हिशेबात जवळजवळ बारा डब्यांच्या लोकलएवढं. ते कांदोळी-शिंकेरीच्या किनाऱ्याला लागलं आणि तिथेच राहिलं. आग्वादच्या किल्ल्यावरून ते दिसे, हॉटेलांच्या खिडक्यांतून दिसे. पर्यटक त्याच्या पार्श्वभूमीवर फोटो काढत. पहिल्या पावसाळ्यात जहाज फक्त अडकलेलं असतं. पुढे पोटात वाळू भरते, पत्रा गंजून भोकं पडतात आणि तरंगवण्याचा पर्यायच संपतो. मग उरतं ते जागेवर कापणं. कांदोळीला तर आणखी एक भानगड झाली. किनाऱ्याला समांतर एवढी मोठी लोखंडी भिंत उभी राहिली की लाटा तिच्यावर अडतात, तिच्या आडोशाला वाळू साचू लागते आणि ती वाळू बाजूच्या किनाऱ्यावरून कमी होते. ज्यांच्या शॅकसमोरची पुळण खचली त्यांना हे समजायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. गोव्यानं पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये कायदा केला आणि त्याचा आधार घेऊन जहाज ताब्यात घेतलं. निविदा निघाल्या, कंत्राटं दिली गेली, रद्द झाली, वाद कोर्टात गेले. दर निवडणुकीत जहाज भाषणात आलं. शेवटी २०१२ च्या सुमारास ते तुकड्या-तुकड्यांनी किनाऱ्यावरून गेलं. या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एक समजूत असते. भंगाराला भाव आहे, तेव्हा जहाज काढून न्यायला कुणी ना कुणी स्वतःहून तयार होईल, कदाचित वर पैसेही देईल. अलंगच्या पुळणीवर, कोरड्या ओहोटीत उभ्या जहाजाच्या बाबतीत हे खरं आहे. लाटांमध्ये, वाळूनं भरलेल्या, अर्ध्या बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत कापण्याचा खर्च पोलादाच्या किमतीला गिळून टाकतो. ही समजूत सुटायला जितकी वर्षं लागतात तितका खर्च वाढत जातो.

मिऱ्याचं ‘बसरा स्टार’ तुलनेनं लहान. वादळाच्या दिवशी त्यावरच्या खलाशांना सुखरूप उतरवलं गेलं. जहाज मात्र चार वर्षांहून जास्त काळ पांढऱ्या समुद्राच्या बंधाऱ्याला टेकून गंजत राहिलं. रत्नागिरीला येणाऱ्यांसाठी तेही एक ‘पॉइंट’ झालं.

एवढा वेळ का लागतो, याचं उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. बेवारस सायकल पोलीस चौकीत नेता येते. जहाजाचं तसं नाही. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानं किनाऱ्याला लागलेल्या किंवा खोल समुद्रात सोडून दिलेल्या जहाजासाठी ‘रिसिव्हर ऑफ रेक’ नावाचा अधिकारी ठरवला. असं काही सापडलं तर त्याला कळवायचं, त्यानं ते ताब्यात घ्यायचं, वर्णनासह जाहीर सूचना काढायची आणि मालकाची वाट बघायची. मालकाला हक्क सांगायला एक वर्ष. वर्षभरात कुणी आलं नाही तर विक्री. वस्तू नाशवंत असेल किंवा सांभाळायचा खर्च तिच्या किमतीहून जास्त असेल तर लवकर विकायची मुभा. खजिना वाहून आला तर त्याच्या मालकावर अन्याय होऊ नये, हा त्यामागचा विचार. पण आज किनाऱ्याला लागतं ते ओझं. त्याचा मालक पुढे येत नाही, कारण पुढे आला तर बिल त्याच्या हातात पडेल.

त्यात कस्टम्सची गंमत वेगळीच. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम २१ नुसार लाटांनी आणून टाकलेली, धनी नसलेली वस्तूसुद्धा आयात केलेला माल समजायची. वादळानं बंधाऱ्यावर आपटलेलं जहाजही कागदोपत्री आयातच. कापायचं म्हटलं की आधी शुल्काचा प्रश्न. मग बंदर खातं, महसूल, पोलीस, प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि किनारा शहराचा असेल तर महापालिका. प्रत्येकाची परवानगी लागते. खर्च मात्र कुणाच्याच खात्यात धरलेला नसतो.

बंदरात उभं असलेलं जहाज मालकानं वाऱ्यावर सोडलं तर रस्ता निराळा. मग खटला मालकावर नव्हे, जहाजावरच चालतो. प्रतिवादी म्हणून जहाजाचं नाव लागतं आणि त्याला रीतसर ‘अटक’ होते. वॉरंट जहाजावर नेऊन चिकटवतात, पूर्वी थेट डोलकाठीवर चिकटवायचे. २०१७ च्या अॅडमिरल्टी कायद्यानं किनारपट्टीवरच्या आठ उच्च न्यायालयांना हा अधिकार दिला. मुंबईत विक्री उच्च न्यायालयाच्या आदेशानं, नगरपालाच्या म्हणजे शेरीफच्या मार्फत होते. आलेल्या पैशांत पहिला हक्क कुणाचा, हेही कायद्यात लिहिलं आहे: खलाशांच्या थकलेल्या पगाराचा. बंदराचं भाडं नंतर. हा क्रम ज्यानं लावला त्याला जहाजावरचं आयुष्य माहीत असावं.

कारण सोडून दिलेल्या जहाजावर बऱ्याचदा माणसंही सोडून दिलेली असतात. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराच्या व्याख्येनुसार दोन महिने पगार थकला, घरी परतायचा खर्च नाकारला किंवा अन्नपाणी-इंधन बंद केलं, की खलाशी ‘परित्यक्त’ ठरतो. या माणसांना उतरताही येत नाही. जहाज रिकामं ठेवणं धोक्याचं म्हणून बंदर त्यांनाच पहारेकरी बनवतं.

तो धोका काल्पनिक नाही. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘रोसस’ नावाचं जुनाट जहाज बैरुतला थांबलं, तपासणीत नापास झालं आणि अडकलं. मालकानं हात वर केले. कप्तान आणि तीन खलाशी पुढचे कित्येक महिने जहाजावरच अडकून पडले. पोटातलं २७५० टन अमोनियम नायट्रेट बंदराच्या गोदामात उतरवून ठेवलं गेलं. जहाज २०१८ मध्ये बंदरातच बुडालं. माल गोदामात राहिला आणि ४ ऑगस्ट २०२० ला त्याचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथेही पत्रं पाठवली गेली होती, फाइल फिरत होती.

जगानं यावर काढलेला तोडगा विम्याचा आहे. २००७ चा नैरोबी करार २०१५ मध्ये लागू झाला आणि भारत त्यात २०११ मध्येच सामील झाला होता. ३०० टनांवरच्या प्रत्येक जहाजाकडे अवशेष काढण्याच्या खर्चाचा विमा हवा, आणि सरकारला मालक शोधत न बसता थेट विमा कंपनीकडे बिल पाठवता येतं. २०२५ मध्ये संसदेनं १९५८ च्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला, त्यातही अवशेष काढण्याच्या जबाबदारीची तरतूद आहे. तेव्हा मोठ्या जहाजांच्या बाबतीत निदान दार तरी उघडलं आहे.

प्रश्न उरतो तो ३०० टनांच्या खालच्या होड्यांचा, आणि संख्येनं त्याच जास्त आहेत. कोणत्याही खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी गेलं की चिखलात कलंडलेल्या दोन-चार जुन्या होड्या दिसतातच. लाकडी होडीला तरी शेवट असतो. सागवानी फळ्या निघतात, खिळे भंगारात जातात, उरलेलं जळणाला. फायबरच्या होडीला शेवट नाही. काचतंतू आणि राळ एकदा घट्ट झाले की वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. जाळलं तर विषारी धूर, कापलं तर फुप्फुसात जाणारी भुकटी. ऊन-पाण्यानं वरचा रंग सुटतो, आतले धागे केसांसारखे बाहेर येतात, कडेला कालवं चिकटतात, आणि आत साठलेल्या पावसाच्या पाण्यात डास होतात.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यानं या लहान नावांसाठी २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नोंदणीच्या वेळी प्रत्येक बोटमालकाकडून थोडासा जादा आकार घ्यायचा आणि त्यातून बेवारस बोटी काढायच्या. आजवर हजाराहून अधिक निघाल्या. २०१४ पासून त्यांनी एक शहाणपणाची भर घातली: ४५ फुटांखालची बोट सांभाळणं परवडत नसेल तर ती बुडायच्या आत आणून द्या, आम्ही मोडतो. बुडालेली बोट वर काढण्यापेक्षा तरंगती बोट मोडणं किती स्वस्त, हे त्यांना बारा वर्षांच्या अनुभवानं कळलं होतं. फ्रान्सनं त्याहून मागे जाऊन बोट बनवणाऱ्यालाच धरलं. २०१९ पासून तिथे सहलीच्या बोटींच्या उत्पादकांच्या पैशावर चालणारी संस्था जुनी बोट फुकट मोडून देते, मालकानं फक्त ती केंद्रापर्यंत पोहोचवायची.

आपल्याकडे नवीन होडीसाठी अनुदानाच्या योजना आहेत, इंजिनासाठी आहेत, डिझेलवर परतावा आहे. होडी मोडण्यासाठी मच्छीमारानं कुठं जायचं, हे विचारलं तर सोसायटीच्या कचेरीत लोक एकमेकांकडे बघतील. म्हणून तो जमेल ते करतो. आधी इंजिन उतरवतो, मग पितळी पंखा काढतो, जाळी-दोर-नांगर घरी नेतो. एखाद्या मोठ्या भरतीला रिकामं बूड खाडीत जरा आत ढकलून देतो. जायच्या आधी शेवटचं एक काम उरतं. पुढच्या बाजूला ‘आयएनडी-एमएच’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. तो पॉलिश पेपरनं घासून काढायला दोन्ही बाजू मिळून अर्धा तास पुरतो.