जहाजाचा प्रवास आणि विमा

स्पेनमधील बार्सिलोना बंदरातून मोठमोठी प्रवासी जहाजे निघतात. ती मार्सेय, जिनोआ, नेपल्स अशी बंदरे दाखवतात. आपल्याला तिकडे जायचे, तर शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. व्हिसापुरता कागद हवा, म्हणून पुष्कळ जण सर्वांत स्वस्त विमा घेतात.

पण समुद्रावरची गोष्ट निराळी असते. जहाजावर डॉक्टर असतो, लहानसा दवाखानाही असतो. मात्र तेथील उपचार फुकट नसतात आणि मोठ्या शस्त्रक्रियेची सोय नसते. आजार गंभीर असला, तर रोग्याला पुढच्या बंदरावर उतरवतात. किनारा दूर असेल, तर कधी हेलिकॉप्टर बोलवावे लागते. हा खर्च औषधपाण्याच्या खर्चापेक्षाही जास्त होऊ शकतो! म्हणून जहाजावरून रुग्णालयात नेण्याचा खर्च विमा कंपनी देणार आहे का, ते विमापत्रात आधी पाहावे. हप्ता किती, हे नंतर पाहावे.

आजोबांना मधुमेह असेल, तर तो अर्जात लिहावा. हप्ता थोडा वाढेल. पण आजार लपवला, तर कंपनी ऐन वेळी पैसे नाकारू शकते. रोग्याला रुग्णालयात नेताना कंपनीला लवकर कळवावे लागते. तिचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.