ड्राफ्टची शीट: ड्रॉप-डाउन काय करतं आणि काय करत नाही

आयपीएल तोंडावर आली की मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी टूम काढतोच: यंदा आपली स्वतःची फॅन्टसी लीग करू. आठ जण, प्रत्येकी पंधरा खेळाडू, पैशांचा संबंध नाही. मग एक्सेलमध्ये हात बसलेला एक जण शीट बनवतो, खेळाडूंच्या नावांचं ड्रॉप-डाउन लावतो आणि सगळे निर्धास्त होतात. गडबड इथेच होते. ड्रॉप-डाउनला एकच काम येतं: सेलमध्ये टाइप झालेलं नाव यादीत आहे का, एवढं पाहणं. ड्राफ्टचे, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचे, बाकीचे नियम आपणच बसवायचे असतात.

गैरसमज: फॅन्टसी म्हणजे अ‍ॅपवरचा खेळ, शीट ही त्याची गरिबाघरची आवृत्ती.

वस्तुस्थिती: हा खेळ अ‍ॅपच काय, घरगुती कॉम्प्युटरपेक्षाही जुना आहे. अमेरिकेत ओकलंडच्या बिल विंकेनबाख यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन फुटबॉलची अशी लीग काढली. 1980 मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि मंडळींनी बेसबॉलची ‘रोटिसरी’ लीग सुरू केली. तिथे खेळाडू लिलावात घेतले जात. हिशेब हातानेच चालायचा. आपल्याकडच्या लोकप्रिय अ‍ॅपवर एकच विराट कोहली लाखो संघांत असू शकतो. ड्राफ्टमध्ये मात्र तो एकदा गेला की गेला. शीटची सगळी गुंतागुंत या एका फरकातून येते.

गैरसमज: ड्रॉप-डाउन लावलं की एकच खेळाडू दोघांकडे जाणार नाही.

वस्तुस्थिती: जाणार. बुमरा तिसऱ्या निवडीत गेला तरी चौथ्या सेलची यादी त्याला तसाच दाखवत राहते. हे टाळायला ‘शिल्लक’ असा वेगळा कॉलम लागतो. काउंटइफ फॉर्म्युला प्रत्येक नाव निवडींच्या कॉलममध्ये किती वेळा आलंय ते मोजतो आणि फिल्टर फॉर्म्युला शून्य वेळा आलेली नावंच पुढे काढतो. ड्रॉप-डाउन मूळ यादीऐवजी या कॉलमला जोडायचं. फिल्टर गूगल शीट्समध्ये आहे, एक्सेल 2021 आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्येही आहे. त्याआधीच्या एक्सेलमध्ये नाही. गूगल शीट्समध्ये एक गंमत होते: निवडलेलं नाव शिल्लक यादीतून उडालं की त्याच सेलच्या कोपऱ्यात चूक दाखवणारी लाल खूण उमटते. निवड बरोबरच असते, तेव्हा घाबरून ती पुसू नका.

गैरसमज: यादीबाहेरचं नाव शीट स्वीकारतच नाही.

वस्तुस्थिती: टाइप केलेलं नाव ती अडवते, तेही ड्रॉप-डाउनचा नियम ‘अडवा’ या पर्यायावर असेल तरच. ‘फक्त इशारा द्या’ हा पर्याय असेल तर नाव बिनदिक्कत आत जातं. एक्सेलमध्ये पेस्ट केलेल्या मजकुराची तपासणीच होत नाही, आणि साध्या सेलवरून कॉपी करून चिकटवलं तर नियमच पुसला जातो. समजा, एका भिडूने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रोहित शर्मा’ पाठवलं, पुढे एक स्पेस राहिली, आणि शीटवाल्याने ते तसंच चिकटवलं. माणसाला दोन्ही नावं सारखी दिसतात. काउंटइफला ती वेगळी. परिणाम: रोहित शिल्लक यादीत तसाच उभा, आणि चार निवडींनंतर दुसरा कोणी त्याला उचलतो. म्हणून ड्राफ्ट चालू असताना पेस्ट बंद, नाव यादीतूनच निवडायचं. अधूनमधून एक्सेलचा ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ हा पर्याय चालवला तर यादीबाहेरच्या नावांभोवती लाल वर्तुळं येतात. शिल्लक यादीवर मात्र तो प्रत्येक रास्त निवडीलाच वर्तुळ घालेल, तेव्हा ही तपासणी मूळ यादीवर करा.

गैरसमज: नावं थेट नियमाच्या चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिली की काम झालं.

वस्तुस्थिती: एक्सेलमध्ये तिथे 255 अक्षरांपर्यंतच मजकूर मावतो. म्हणजे जेमतेम वीसेक नावं. आयपीएलच्या दहा संघांत प्रत्येकी 25 पर्यंत खेळाडू असतात. नावं वेगळ्या शीटवर टेबल करून ठेवा. जखमी खेळाडूच्या जागी नवा आला की टेबलात ओळ वाढवायची, यादी आपोआप वाढते.

गैरसमज: आधी संघ, मग खेळाडू अशी दोन ड्रॉप-डाउन जोडली की चूक होणार नाही.

वस्तुस्थिती: इनडायरेक्ट फॉर्म्युल्याने ती जोडता येतात. पण चेन्नई निवडून धोनी घेतला आणि नंतर पहिल्या सेलमध्ये मुंबई केलं, तर धोनी मुंबईशेजारी तसाच बसून राहतो. दुसरा सेल आपणहून रिकामा होत नाही.

गैरसमज: पाचच विदेशी खेळाडू, असा नियमही त्याच सेलमध्ये घालता येतो.

वस्तुस्थिती: एका सेलला एकच नियम लागतो. यादी लावली की सूत्राचा नियम बसत नाही. निवडीच्या बाजूला व्हीलुकअपने ‘भारतीय’ की ‘विदेशी’ ते आणा, भिडूनिहाय मोजणी काउंटइफ्सने करा आणि सहावा विदेशी आला की सेल लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. निवडीची पाळी कोणाची, त्यासाठीही ड्रॉप-डाउन नको. स्नेक ड्राफ्टमध्ये दर फेरीला क्रम उलटतो: आठ जणांत पहिल्याला 1, 16 आणि 17 वी निवड मिळते, आठव्याला 8 आणि 9 वी. दर 16 ओळींनी हाच क्रम पुन्हा येतो, म्हणून भिडूंची नावं आधीच 120 ओळींत भरून तो कॉलम कुलूपबंद करा.

सामायिक शीटवर दोघांनी एकाच सेलला हात लावला तर नंतरची नोंद आधीची पुसते. म्हणून नोंद एकानेच करायची, बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी. आणि आदल्या दिवशी दोन फेऱ्या लुटुपुटीच्या खेळून मुद्दाम चुका करा: एकच नाव दोनदा घ्या, सहावा विदेशी टाका, स्पेससकट नाव चिकटवा. शीट कुठे गप्प राहते ते कळलं की तिथे लक्ष ठेवायचं काम एका भिडूला नेमून द्या.