रापी, साबणाचं पाणी आणि ट्रॅक्टरचा जुना टायर

ट्रॅक्टरचा मागचा टायर कापायला घेतला की सुरी आत शिरते आणि तिथेच अडकून बसते. रबर दोन्ही बाजूंनी पातं घट्ट धरून ठेवतं. रशियातल्या हौशी कारागिरांनी यावर साधा उपाय काढलेला आहे. चांभाराच्या रापीसारखी आखूड, रुंद पात्याची धारदार सुरी घ्यायची, शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवायचं आणि दर चार बोटं कापून झालं की पातं त्यात बुडवायचं. मग तेच चिवट रबर निमूटपणे वाट देतं. टायरच्या दोन्ही बाजूंच्या भिंती अशा गोल कापून काढल्या की रिमला बसणारी जाड कड आणि तिच्यातली पोलादी तारही त्यांच्याबरोबर निघून जाते. उरतं ते एक रुंद रबरी कडं, वरच्या तिरप्या जाड दात्यांसकट. त्याला कुठे जोड नाही, टाका नाही.

अशी दोन कडी हाताशी असली की रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीचं निम्मं काम झालं.

रशियन भाषेत अशा गाडीला ‘वेज्देखोद’ म्हणतात. वेज्दे म्हणजे सगळीकडे आणि खोद म्हणजे चाल, म्हणून कुठेही जाणारी ती वेज्देखोद. कारखान्यातून न आणता घरच्या घरी केलेल्या कुठल्याही वस्तूला ‘समोदेल्का’ म्हणतात. पट्ट्यांची कल्पना आपल्याला नवी नाही. टायरची जेसीबी कोणती आणि चेनची पोकलेन कोणती, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, ते आपण यंत्रालाच देऊन टाकलं.) पोकलेनची चेन लोखंडी कड्यांची असते, तर समोदेल्काची चेन म्हणजे हे कापलेलं टायर.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तिथली जमीन पाहिली की कळतं. अर्खांगेल्स्क, कोमी, याकुतिया या उत्तरेकडच्या भागांत गावं एकमेकांपासून फार लांब आहेत आणि मधे जंगल, दलदल आणि नद्या. वसंतात बर्फ वितळू लागला की कच्चे रस्ते चिखलात बुडतात, शरदातल्या पावसात पुन्हा बुडतात. या दिवसांना ‘रासपूतित्सा’ असं खास नाव आहे. कडक हिवाळ्यात मात्र गोठलेल्या नद्याच रस्ते होतात. त्या वाटांना ‘झिमनिक’ म्हणतात. शिकारी, मासेमार आणि गवत-लाकूड वाहणारा शेतकरी, या सगळ्यांचं काम नेमकं अशा ठिकाणी असतं जिथे चाकाची गाडी बुडापर्यंत रुतते.

रुतणं हा वजनाइतकाच क्षेत्रफळाचाही प्रश्न आहे. आकड्यांत पाहू. 70 किलोचा माणूस चालताना क्षणभर एका पायावर असतो. त्याच्या बुटाचा तळ 200 चौरस सेंटिमीटर धरला तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 350 ग्रॅम भार पडतो. आता ट्रॅक्टरचा 13.6-28 मापाचा टायर घ्या. आपल्याकडच्या 40 अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरलाही मागे हे माप बसतं, 13.6 इंच ही टायरची रुंदी आणि 28 इंच हा रिमचा व्यास. टायर उभा केला तर उंची साधारण 1.3 मीटर, म्हणजे घेर चार मीटरहून थोडा जास्त. हे कडं 40 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चाकांवर ताणून बसवलं की जमिनीला टेकणारी लांबी सुमारे 1.4 मीटर मिळते. रुंदी 34 सेंटिमीटर. असे दोन पट्टे आणि वर 600 किलोची गाडी असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार येतो जेमतेम 63 ग्रॅम. ज्या चिखलात माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो, त्यावरून ही गाडी तरून जाते. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या टायरशेजारी लोखंडी केज व्हील लावतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

पट्ट्यांच्या गाडीचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा अमेरिकेतल्या स्टॉकटनचे बेंजामिन होल्ट यांच्यापासून सुरुवात होते. त्यांनी 1904 साली पट्ट्यांवर चालणारा वाफेचा ट्रॅक्टर चालवून दाखवला आणि पुढे ‘कॅटरपिलर’ हे नाव जगभर गेलं. पण रशियात ही गोष्ट त्याआधीच एका शेतकऱ्याच्या घरी सुरू झाली होती. व्होल्गाकाठच्या सारातोव्ह प्रांतातल्या फ्योदर ब्लिनोव्ह यांनी 1879 साली ‘अखंड रुळांच्या गाडी’चा सरकारी हक्क मिळवला. त्यांची पहिली गाडी घोडे ओढत असत. नंतर त्यांनी वाफेवर चालणारी गाडी केली आणि तिच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळं इंजिन दिलं. एक जोरात आणि दुसरं हळू चालवलं की गाडी वळत असे. 1896 साली निझ्नी नोव्हगरोदच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली. बाजारात ती आली नाही, तरी गाडी वळवण्याच्या ज्या प्रश्नापुढे आजचा घरगुती कारागीर अडतो, त्याचं उत्तर ब्लिनोव्ह यांच्या हाती तेव्हाच होतं.

लोखंडाच्या जागी रबर आणलं ते आदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने, तेही रशियातच. झार दुसरा निकोलस याच्या गाड्यांची देखभाल त्याच्याकडे होती. हिवाळ्यात त्या महागड्या गाड्या बर्फात निकामी होत, म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टे बसवले. क्रांतीनंतर लेनिनसाठी रोल्स-रॉइसला असेच पट्टे लावले होते. ती गाडी मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये इथल्या संग्रहालयात आजही उभी आहे. केग्रेस मात्र फ्रान्सला परतला आणि सित्रोएन कंपनीला जाऊन मिळाला. डिसेंबर 1922 मध्ये त्याच्या पट्ट्यांच्या गाड्या अल्जीरियातल्या तुगूर्तहून निघाल्या आणि सहारा ओलांडून 7 जानेवारी 1923 ला टिंबक्टूला पोचल्या. 1931 साली बैरूतहून चीनकडे निघालेला त्याच कंपनीचा ताफा श्रीनगरला आला. तिथून त्यातल्या दोन गाड्या हिमालयात शिरल्या आणि बुर्झिल खिंडीतून गिलगिटपर्यंत गेल्या. वाट फारच अरुंद झाली तिथे गाड्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या.

गॅरेजात स्वतःच्या हाताने काम करणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र कॅनडातल्या क्युबेकची आहे आणि ती मनाला चटका लावते. व्हॅल्कोर्ट गावच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याने 1922 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या पंधराव्या वर्षी, भावाला बरोबर घेऊन घरगुती बर्फगाडी चालवली होती. फोर्डचं जुनं इंजिन, मागे विमानासारखा पंखा आणि खाली घसरपट्ट्या, एवढाच तिचा संसार. पुढे गावातच त्याचं दुरुस्तीचं गॅरेज झालं. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटातल्या दुखण्याने गंभीर आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते आणि बर्फावरून भरवशाने धावेल अशी गाडी अजून तयार नव्हती. मुलगा दवाखान्यापर्यंत पोचू शकला नाही. त्यानंतर थोड्याच काळात बॉम्बार्डिएने रबरी पट्टा आणि तो फिरवणारं रबर मढवलेलं दातेरी चाक सिद्ध केलं, त्याचं पेटंट 1937 साली मिळालं. त्याच्या सात जणांच्या बर्फगाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुलं वाहू लागल्या. 1959 ची ‘स्की-डू’ ही त्याच घराण्यातली.

सोव्हिएत रशियात रीबिन्स्कच्या कारखान्यातून ‘बुरान’ ही बर्फगाडी 1971 पासून निघू लागली, तरी समोदेल्काचं काम थांबलं नाही. ‘मोदेलिस्त-कोन्स्त्रुक्तोर’ नावाचं मासिक 1966 पासून या मंडळींचं हक्काचं व्यासपीठ होतं. कुणीतरी गाडी करायची, मापांसह आराखडा मासिकाला पाठवायचा आणि तो पाहून हजार मैलांवरच्या दुसऱ्याने आपल्याकडच्या भंगारानुसार त्यात बदल करायचे. इतकं ज्ञान अनोळखी माणसांना फुकट वाटून टाकणाऱ्या या परंपरेचं मोल फार मोठं आहे.

भंगार निवडतानाच अर्धी अक्कल लागते. ज्या टायरच्या आत पोलादी तारांचा थर आहे, तो रापीने कापला जात नाही आणि चाकाभोवती नीट वाकतही नाही. म्हणून कापडी दोऱ्यांचे थर असलेला, जुन्या पद्धतीचा टायर शोधतात. नक्षी झिजलेली चालते, पण भेगा नकोत. बाजू कापल्यावरही कडं फार ताठ असतं, कारण आत दोऱ्यांचे थरावर थर असतात. त्यातले आतले काही थर पक्कडीने ओढून सोलावे लागतात. हे काम वेळखाऊ आणि हात सोलवटून काढणारं. कमी सोललं तर पट्टा वाकवण्यातच इंजिनाची ताकद जाते आणि जास्त सोललं तर पट्टा ताणतो. नेमकं कुठे थांबायचं हे कुठल्याच आराखड्यात लिहिता येत नाही. ते बोटांना कळावं लागतं.

मग पट्ट्याच्या मध्यावर सारख्या अंतराने चौकोनी खिडक्या पाडतात. दातेरी चाकाचे दाते या खिडक्यांत शिरून पट्टा ओढतात. अंतर थोडं जरी चुकलं तरी पुढच्या दात्यांवर ते साचत जातं आणि अर्ध्या फेरीत पट्टा चाकावर चढून उतरतो. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा करून सगळ्या घेरावर आखणी करतात आणि शेवटची खिडकी पहिलीशी जुळल्याशिवाय सुरी लावत नाहीत.

टायर मिळाला नाही तर खाणीतला किंवा कारखान्यातला जुना कन्व्हेयर बेल्ट वापरतात. त्याला दाते नसतात, म्हणून पाण्याचा काळा प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्याच्या अर्ध्या फाका बोल्टने आडव्या बसवतात. हा पट्टा हलका होतो आणि हव्या त्या लांबीचा करता येतो. मात्र त्याची दोन टोकं जोडावी लागतात आणि पट्टा बहुतेक वेळा तुटतो तो त्या जोडावरच. टायरचं कडं त्या बाबतीत उजवं.

बाकीची गाडी मोडीतल्या गाड्यांमधून येते. इंजिन ईझ किंवा उराल मोटरसायकलचं, छोट्या ‘ओका’ मोटारीचं, नाहीतर नवं चिनी बनावटीचं. मागचा अॅक्सल बहुधा झिगुलीचा. झिगुली फियाट 124 वरून बेतलेली, म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची चुलत बहीण. या अॅक्सलमध्येच वळण्याची युक्ती आहे. मोटारीचा डिफरन्शिअल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. दोन्ही बाजूंच्या ब्रेकना स्वतंत्र दांडे जोडले आणि डावा दांडा ओढला की डावा पट्टा थांबतो, उजव्याचा वेग वाढतो आणि गाडी डावीकडे वळते. ब्लिनोव्ह यांना ज्यासाठी दोन इंजिनं लागली, ते इथे भंगारातल्या एका अॅक्सलवर भागतं.

धोके आहेत आणि ते लपवण्यासारखे नाहीत. घरगुती गाडीला कुणी चाचणीचं प्रमाणपत्र दिलेलं नसतं. पातळ बर्फावर गाडीचा भार पसरतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि बर्फ फुटला तर बंद टपातून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणून जाणते कारागीर छताला झडप ठेवतातच. उन्हाळ्यात टुंड्रावर पट्टे फिरले की शेवाळाचा थर फाटतो, खालची गोठलेली जमीन उघडी पडून वितळते आणि ती खूण कित्येक दशकं राहते. पट्टा रबरी असला तरी एकाच वाटेवरून पुनःपुन्हा जाणं तिथल्या जमिनीला सोसत नाही.

जोड नसलेल्या कड्याची एक खोड आहे. ते उतरलं तर उघडून पुन्हा घालता येत नाही. ताण देणारा बोल्ट पूर्ण सैल करायचा, पुढचं चाक मागे सरकवायचं, पहारीने कडं थोडं थोडं चाकावर चढवत न्यायचं आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. उणे तीस अंशांत रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं आणि जाड हातमोज्यांत पाना नीट धरता येत नाही. म्हणून ताणाचा तो बोल्ट बाहेरच्या बाजूला, हातमोजा न काढता पाना लागेल असाच बसवतात.