साडेचार तासांचे चार तास कसे होतात?

आपलं डोणगाव ज्या मेहकर तालुक्यात आहे, तिथूनच समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०. समजा, तुम्हाला संशोधनासाठी गाड्यांचा सरासरी वेग काढायचाय आणि टेबलात तीनच कॉलम आहेत: गाडी, प्रवेशाची वेळ, बाहेर पडण्याची वेळ.

एक कार रात्री ११ ला नागपूरहून निघाली, पहाटे साडेतीनला शिर्डीला उतरली. साडेचार तास, म्हणजे वेग साधारण ११५.६. मर्यादेच्या आत. आता मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्पडिफला 'तास' हे एकक देऊन बघा. उत्तर ४. वरचा अर्धा तास त्याने सरळ कापला! ५२० भागिले ४, वेग १३०, आणि निर्दोष माणूस दोषींच्या यादीत. एसक्यूएल सर्व्हरचं डेटडिफसुद्धा ४ च देतं, पण कारण वेगळं: ते मधे किती वेळा तास बदलला तेवढंच मोजतं. त्यामुळे ११:५९ ते १२:०१ या दोन मिनिटांचाही तिथे एक 'तास' होतो.

म्हणून फरक कायम सेकंदांत काढायचा. इथे १६,२०० सेकंद. तास करायचे ते अगदी शेवटी, आणि भागायचं ३६०० ने नाही, ३६००.० ने. नाहीतर एसक्यूएल सर्व्हर पूर्णांक भागाकार करून पुन्हा ४ च हातात ठेवेल.

मायएसक्यूएलमध्ये दोन वेळांमध्ये नुसतं वजाचं चिन्ह टाकू नका. तो २०२३०१११०३३००० असे आकडे बनवून वजाबाकी करतो; आपल्या कारसाठी उत्तर येतं ८०३०००, ज्याला काहीच अर्थ नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र वजाबाकी चालते, नीट कालावधी मिळतो. तारीख सोडून फक्त घड्याळाची वेळ साठवली असेल, तर मध्यरात्र ओलांडणारी प्रत्येक गाडी उणे उत्तर देणार. आणि एका नाक्याची नोंद यूटीसीत, दुसऱ्याची भारतीय वेळेत असेल, तर थेट ३३० मिनिटांची चूक.

राहिला क्वेरीचा वेग. एका दिवसाच्या नोंदी हव्यात म्हणून प्रवेशाच्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं, की त्यावरचा साधा इंडेक्स सहसा वाया जातो. त्याऐवजी 'प्रवेश आज रात्री बारापासून पुढे, उद्या रात्री बाराच्या आधी' अशी अट लिहा. कॉलम मोकळा राहतो, नोंदी आधी गाळल्या जातात आणि वजाबाकी उरलेल्या थोड्याच ओळींवर होते. फरकावरच वारंवार शोधायचं असेल, तर तो सेकंदांत वेगळ्या कॉलममध्ये साठवून त्यावर इंडेक्स लावा.