उडी मारा, पण उतरायला शिका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शालेय स्पर्धांचे दिवस होते. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका पाड्यावरची, नववीत शिकणारी मुलगी वडिलांच्या खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आली. कबड्डीत चढाई करून परतताना तिने उडी मारली आणि एका पायावर उतरली. कोणाचा धक्का लागला नव्हता. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि ती खाली बसली. दोन तासांत गुडघा टम्म सुजला.

मी वेदनाशामक गोळ्या दिल्या, क्रेप बँडेज बांधले आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली. सूज उतरली, मुलगी पुन्हा मैदानात गेली आणि गुडघा पुन्हा निसटला. तेव्हा कुठे मी तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता आणि दुसऱ्या झटक्यात आतली गादीही फाटली होती. खेळाडू म्हणून पोलीस भरतीत जाण्याचे स्वप्न पाहणारी ती मुलगी पुन्हा खेळली नाही. तिला पहिल्याच भेटीत पुढे पाठवायला हवे होते, ही चुटपुट मला आजही आहे. म्हणून हा लेख.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत दोन दोरखंडांसारखे अस्थिबंध फुलीच्या आकारात बांधून ठेवतात. त्यांतला पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही. खेळाडू ज्याला ‘लिगामेंट गेले’ म्हणतात, ते बहुधा हेच. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या धडकेने तुटत नाही. ताठ गुडघ्याने उडीवरून उतरताना, पळता पळता एकदम थांबताना किंवा हुलकावणी देऊन दिशा बदलताना गुडघा आत झुकतो, पिळवटतो आणि अस्थिबंध तुटतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल या खेळांत हे क्षण पावलोपावली येतात.

सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत दुपटीहून अधिक आढळते. वयात येताना उंची आणि वजन वाढते, कंबरेचा घेर रुंदावतो. पण कुल्ल्याचे आणि मांडीमागचे स्नायू त्या मानाने बळकट होत नाहीत. त्यामुळे मुली बरेचदा ताठ गुडघ्याने आणि गुडघे एकमेकांकडे झुकवून उतरतात. शिवाय त्यांना व्यायामाची शिस्तशीर तालीमही कमी मिळते.

म्हणून मुलींना खेळूच द्यायचे नाही काय? मुळीच नाही! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, तो महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली. आपल्या मुलींनीही जरूर खेळावे. फक्त उतरायला शिकावे.

डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या आपल्याकडच्या बायका पाहा. त्या गुडघे ताठ ठेवत नाहीत. किंचित मोडून, पाऊल तोलून उतरतात. उडीचेही तसेच आहे.

१. शक्यतो दोन्ही पायांवर उतरा, पावलांत खांद्याइतके अंतर ठेवा.
२. आधी चवडा, मग टाच टेकवा.
३. गुडघे आणि कंबर मोडा, खुर्चीवर बसायला जावे तशी बैठक मागे न्या.
४. गुडघे पावलांच्या रेषेत ठेवा, आत झुकू देऊ नका.
५. मांजरासारखे आवाज न करता उतरा. धप्प आवाज आला तर उतरणे चुकले.

खेळाच्या शिक्षकांनी मुलीला वीतभर उंचीच्या पायरीवरून उडी मारायला सांगावी आणि समोर उभे राहून तिचे गुडघे पाहावेत. चूक लगेच दिसते. सरावाआधी आठवड्यातून निदान तीनदा १५ ते २० मिनिटे हे व्यायाम घ्यावेत : हलके धावणे, सावकाश बैठका, एका पायावर तोल सांभाळणे, कोपर व चवड्यांवर शरीर फळीसारखे धरणे, जोडीदाराने घोटे धरले असता गुडघ्यांवर उभे राहून हळूहळू पुढे झुकणे आणि शेवटी उडी मारून उतरणे. याला पैसा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत.

याचा उपयोग होतो का? कॅलिफोर्नियात १४ ते १८ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना असे व्यायाम दिले गेले. व्यायाम न करणाऱ्या मुलींच्या तुलनेत त्यांच्यात हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी ८८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी ७४ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र सातत्य हवे. स्पर्धेच्या आधी आठ दिवस उड्या मारून काही साधत नाही.

तरीही दुखापत झालीच तर खेळ तिथेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका, गुडघा ओढून ‘बसवून’ घेऊ नका. ‘कट्’ असा आवाज झाला, काही तासांतच सूज आली किंवा चालताना गुडघा निसटू लागला, तर सूज उतरली तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाल्यावर मैदानात परतायला साधारण नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो, तोही रोजचा व्यायाम केला तर.

पालकांनो, मुलगी ढाल घेऊन घरी आली की आपण तिचे कौतुक करतो. पुढच्या खेपेस तिला अंगणात एक उडी मारायला सांगा आणि तिचे गुडघे कुठे झुकतात तेही पाहा.