डासाला डेंग्यू झाला तर?

कनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुना कर्झन रोड. याच रस्त्यावर नवं महाराष्ट्र सदन आहे. पावसाळा सरताना इथं उतरलेल्या मराठी माणसाला भरदिवसा घोट्याला चावणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा डास ओळखीचाच वाटेल. पुण्यात, नागपुरात चावतो तोच हा एडिस इजिप्ती! १९९६ साली त्याने दिल्लीत दहा हजारांहून जास्त लोकांना डेंग्यू दिला आणि चारशेवर माणसं दगावली.

चावते ती फक्त मादी. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. मग ती मरेपर्यंत तो तिच्या अंगात मुक्काम करतो, तरी ती अंथरूण धरत नाही. कारण तिची जनुकं गप्प बसलेली नसतात.

पहिली हालचाल कात्रीची. विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागला, की दुपेडी आरएनए तयार होतो. डायसर-२ नावाचं प्रथिन त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं. त्यातला एक तुकडा नमुना म्हणून जवळ ठेवून आर्गोनॉट-२ तसाच आरएनए हुडकतं आणि छाटतं. प्रयोगशाळेत डायसर-२चं जनुक बंद पाडलं, तर डेंग्यूचा विषाणू मादीच्या अंगात फोफावतो. ‘आर्गोनॉट’ हे नाव मात्र आलंय एका ऑक्टोपसवरून! एका रोपाची बिघडलेली पानं शास्त्रज्ञांना त्याच्यासारखी दिसली होती.

दुसरी यंत्रणा ‘टोल’. टोलनाक्याशी संबंध नाही. जर्मनमध्ये टोल म्हणजे ‘भन्नाट’. नाव पडलं ते फळमाशीच्या जनुकाला. माशीच्या प्रतिकारशक्तीला हे जनुक लागतं हे दाखवणाऱ्या ज्यूल्स हॉफमन यांना २०११चं नोबेल मिळालं. एडिसमध्ये या यंत्रणेला दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव कॅक्टस, म्हणजे निवडुंग. २००८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कॅक्टसचं जनुक गप्प केलं. टोलची जनुकं जागी झाली आणि पोटातला डेंग्यू घटला! त्याच अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच: अँटिबायोटिक देऊन मादीच्या आतड्यातले जिवाणू काढून टाकले, तर विषाणू वाढला. तिच्या पोटातले साधे जिवाणूही तिचे पहारेकरीच.

जुन्या लढायांची दफ्तरंही ती सांभाळते. एडिसच्या जनुकसंचात पूर्वीच्या विषाणूंचे तुकडे शिवलेले सापडतात, आणि त्यांच्यापासून बनणारे छोटे आरएनए काही विषाणूंना आवर घालतात.

विषाणूही कमी नाही. आपल्याच आरएनएचा एक न तुटणारा तुकडा मागे ठेवून तो मादीची प्रतिकारयंत्रणा मंदावतो. वर संसर्ग झालेल्या मादीत वास टिपणारी काही जनुकं जास्त चालू होतात. ती बंद केली, तर माणूस शोधायला तिला जास्त वेळ लागतो.

ही भांडणं समजल्याचा उपयोग सुरू झालाय. फळमाशीतला वोल्बाकिया जिवाणू एडिसमध्ये घातला, की डेंग्यूच्या विषाणूला तिथं नीट वाढता येत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्तामध्ये असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने भारतीय एडिसशी संकर करून अशा डासांची पैदास २०२२पर्यंत तयारही केली आहे.