हिवतापाच्या मुलखातील रक्तपेशी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा सरकारदप्तरी दाखल झाला. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील अरण्यात हिवतापाचा अंमल कोणत्याही दप्तराहून कितीतरी प्राचीन असून, त्याची साक्ष तेथील गोंड, माडिया, परधान आदी समाजांच्या रक्तात सिकलसेल या रक्तदोषाच्या रूपाने आजही सापडते.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले ते १९१० साली; दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखविले; विदर्भातील पहिली नोंद मात्र १९५८ साली, नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी यांच्या हातून झाली. तत्पूर्वीच, १९५४ साली, अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून असे प्रतिपादिले होते, की हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळते.

हे संरक्षण कसे मिळते, याचा एक विलक्षण धागा २०११ साली पोर्तुगालमधील संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत गवसला. वाहकाच्या रक्तात हीम हे लोहयुक्त द्रव्य थोडेथोडे सुटत राहते. ते पेशीला विषवत असल्याने, एरवी पेशीद्रवात अटकेत राहून नष्ट होणारे एनआरएफ-२ हे प्रथिन मोकळे होते, केंद्रकात शिरते आणि हीम-ऑक्सिजनेज हे विकर निर्माण करविते. ते विकर हीमचे विघटन करते, आणि त्यातून निघणारा अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड हीमोग्लोबिनमधून आणखी हीम सुटू देत नाही. नवल असे, की अशा वाहक उंदरांच्या रक्तातील हिवतापाच्या जंतूंची संख्या घटली नाही, तरीही मेंदूच्या हिवतापाने ते दगावले नाहीत. पेशींनी शत्रूला मारले नव्हते. त्याचा आघात सोसण्याची तयारी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

परंतु हाच वारसा मातापिता दोघांकडूनही आला, की सुटणारे हीम त्या यंत्रणेला आवरत नाही. शरीरातील पाणी घटले, की पेशीतले हीमोग्लोबिन दाट होऊन त्याचे तंतू झपाट्याने बनतात, आणि विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून तेंदूपत्त्याच्या तोडणीतले ऊन या रुग्णांना असह्य वेदनांच्या खाईत लोटू शकते, आणि रोवणीच्या दिवसांतला गारठाही तसाच घातक ठरतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भातील अर्भकात असणाऱ्या हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढते, आणि ते त्या तंतूंत सामावत नसल्याने वेदनांचे झटके कमी होतात. २०२३ साली केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान आरंभिले. त्याचे माझ्या लेखी खरे मोजमाप एकच, की गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे औषध तेंदूपत्त्याचा हंगाम लागण्यापूर्वी पोहोचते, की नंतर.